दुसऱ्या वाचनाआधी

नगर,
मंगळवार, रात्री

चि. एस्तू,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी चर्चमध्ये, आपल्या मंडळीत, तुझं नाव वाचलं. पहिलं वाचन.

तुझं नाव तिकडं पाठवावं अशी बंगळूरच्या मंडळीची विनंती येऊन दीड महिना झाला. तू आईला फोनवर आधीच सांगितलं होतंस, त्यामुळं धक्का वगैरे काही नाही. कागद आला मंडळीच्या क्लार्कच्या नावानं आणि उघडला बापानं, एवढंच. पहिल्या बोर्डाच्या बैठकीत मी तो काढलाच नाही. पंख्याची दुरुस्ती होती, गोधड्यांचा हिशेब होता, तुझा विषय चौथा. मी म्हटलं, उशीर झालाय, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी मंडळीचा कारभार बघणाऱ्या एल्डरनीच विचारलं, "क्लार्कसाहेब, पोरीचं पत्र दाबून ठेवलंय की काय?" मग ठेवलं पुढं.

तू लहानपणापासून ऐकत आलीस, पण कधी लक्ष दिलं नसशील. सभासदाचं नाव एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जायचं तर ते एका शनिवारी वाचायचं आणि मंजुरी पुढच्या शनिवारी घ्यायची. मधला आठवडा कुणाला काही सांगायचं असेल तर त्यासाठी. बावीस वर्षं मी ही वाचनं करतोय. पुण्याला, मुंबईला, सुरतेला, कुवेतला. नावं जातात, येतात फार थोडी. इतक्या वर्षांत हरकत एकदाही आली नव्हती. मी वाचायचो, लोक पंख्याकडं बघायचे, झालं.

या शनिवारी आली.

पाळकसाहेब नव्हते. त्यांच्याकडं पाच मंडळ्या आहेत, आपली पाळी तिसऱ्या शनिवारी. एल्डर पुढं होते. मी नाव वाचलं, "काही असल्यास आठवडाभरात कळवावं" म्हटलं आणि वही मिटणार एवढ्यात दुसऱ्या बाकावरून मालनआजी उठल्या. बाकाला धरून, सावकाश.

"माझी हरकत हाय."

एल्डर गोंधळले. म्हणाले, "आजी, वागणुकीबद्दल काही असेल तरच हरकत घ्यायची असते."

"वागणूक चांगलीये म्हणून तर हरकत हाय. वाईट असती तर म्हणले असते, जाऊ द्या. पोरांचा वर्ग कोण घेनार?"

सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. त्या बसल्या आणि मला इतिवृत्तात काय लिहावं ते कळेना. शेवटी लिहिलं, "एका भगिनीने बालवर्गाबाबत विचारणा केली." सरकारी नोकरीत तेहतीस वर्षं काढली त्याचा हा उपयोग.

पण आजींनी विचारलेलं खरंच आहे. तू लॉकडाऊनमध्ये घरी आलीस ती चार वर्षं राहिलीस, आणि तेवढ्यात त्या वर्गाला तुझी सवय लागली. फ्लॅनेलचा फळा तू नेलास त्या कोपऱ्यातच अजून उभा आहे. नोहाच्या तारवातलं हरवलेलं मेंढरू तू आईच्या ब्लाऊजपीसच्या अस्तरातून कापलं होतंस, ते आता सगळ्या गोष्टींत येतं. दाविदाच्या गोष्टीत ठीक. पण गेल्या शनिवारी ते योनाबरोबर जहाजातही होतं. सध्या वर्ग ती नववीतली पोरगी घेते. फळ्यावर चित्र लावते आणि मग स्वतःच चित्राकडं बघत बसते.

तू विचारलं होतंस, ऑफिसात कुणी "शनिवारच का" म्हणून विचारलं तर थोडक्यात काय सांगायचं. दहा आज्ञांतली चौथी सांगायची, हे तर तुला येतंच. सातवा दिवस विसाव्याचा, म्हणजे शब्बाथ, आणि सातवा म्हणजे शनिवार. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. पण मला विचारशील तर मी रेचल ओक्स प्रेस्टन या बाईची गोष्ट सांगतो. मालनआजी बसल्यावर मला तीच आठवली. १८४४ चा सुमार. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधलं वॉशिंग्टन नावाचं लहानसं गाव. प्रभु येणार म्हणून वाट बघणारी माणसं तिथंही होती, पण उपासना रविवारीच करायची. ही बाई सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट, म्हणजे शनिवार पाळणारी. फ्रेडरिक व्हीलर नावाचे उपदेशक प्रभुभोजनाच्या वेळी म्हणाले, ज्यांना हे घ्यायचंय त्यांनी देवाच्या सगळ्या आज्ञा पाळायला हव्यात. बाई तिथंच उठणार होत्या. कशाबशा बसल्या आणि नंतर त्यांना गाठून म्हणाल्या, मग चौथीचं काय? त्या माणसानं विचार केला आणि शनिवार धरला. त्याच वर्षी, ज्या दिवसाची वाट होती त्या २२ ऑक्टोबरला, प्रभु आला नाही आणि बरेच लोक पांगले. जे उरले त्यांतूनच पुढं १८६३ साली मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला आपली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी रीतसर उभी राहिली. आज जगात दोन कोटींच्या वर माणसं शनिवारी देवळात बसतात. त्यातली आपली पंचावन्न, पावसाळ्यात चाळीस. बाकावरनं उठणाऱ्या बाईला हसू नये, असं मी त्या दिवशी एल्डरना म्हणणार होतो. राहून गेलं.

आपल्या घरात हे कुठनं आलं? नगरात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे, आपली सगळी भावकी तिकडची, रविवारवाली. तुझ्या पणजोबांना दम्याचा त्रास. पुण्याच्या सॅलिसबरी पार्कातल्या आपल्या छापखान्याची पुस्तकं सायकलवरनं विकत फिरणारा एक माणूस आला आणि त्यांनी आरोग्यावरचं पुस्तक घेतलं. बिडी सुटली. मग पुढचं पुस्तक घेतलं आणि रविवार सुटला. भावकीनं दोन वर्षं बोलणं टाकलं. अजूनही लग्नाकार्यात आपल्याला "शनिवारवाले आले" असं म्हणतात, पण जेवायला वेगळं गोड नक्की ठेवतात.

आता माझ्या शनिवारांबद्दल. हे तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण तुला वाटायचं बाबांना शनिवारी सुट्टीच असते. तहसीलमध्ये दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा. पहिला, तिसरा आणि असलाच तर पाचवा कामाचा. सणवार वजा जाता वर्षाला पंचवीस-सव्वीस शनिवार उरायचे. किरकोळ रजा वर्षाला ८. बाकीचे कुठून आणायचे? थोडे अर्जित रजेतनं. थोडे अदलाबदलीवर. मतदार याद्यांचं काम रविवारी असायचं, ते मी सगळ्यांच्या वाटणीचं करायचो. दिवाळीत कोण थांबणार म्हटलं की मी. एक साहेब होते, त्यांनी पहिल्याच महिन्यात सही करायला नकार दिला. म्हणाले, देव काय तुमच्या एकट्याचा आहे का. दुसरे आले त्यांनी अर्ज वाचलाही नाही, म्हणाले तुमची रविवारची हजेरी मी बघितलीय. निवृत्तीला माझ्याबरोबरच्यांच्या खात्यावर ३०० दिवस शिल्लक होते, त्याचे पैसे त्यांना मिळाले. माझे निघाले ११२.

आणि गंमत बघ. मी ३१ डिसेंबर २०१९ ला निवृत्त झालो. दोन महिन्यांनी, २९ फेब्रुवारी २०२० पासून, सरकारनं पाच दिवसांचा आठवडा केला. पहिला सुट्टीचा वार शनिवारच होता. ज्या टेबलासाठी मी तेहतीस वर्षं अर्ज लिहिले त्या टेबलावर त्या दिवशी कुणीच नव्हतं. मला हसू आलं. तुझ्या आईला नाही आलं. महिनाभरात चर्चलाच कुलूप लागलं ते वेगळं.

एक कबुली, लिहितोच आहे तर. तुझ्या इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी तो पेपर शनिवारी आला होता. कॉलेजात तू अर्ज दिलास, मीही जाऊन आलो, काही झालं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी पुण्याला तुझ्या मावशीकडं आलो होतो, आठवतं? सूर्यास्ताची प्रार्थना झाली. हॉल तिकीट टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली. तुला वाटलं मी तुला धीर द्यायला आलोय. मी तुला "जा, देऊन ये पेपर" असं सांगायला आलो होतो. येताना एसटीत चार वेळा वाक्य जुळवलं होतं. तू म्हणालीस, "बाबा, उद्या शब्बाथ शाळेचा पाठ मला घ्यायचाय, झोपते," आणि दिवा घालवलास. मी अंधारात बसून राहिलो. पुढच्या सत्रात तू पेपर दिलास, ७१ मार्क पडले, पण मार्कलिस्टवर एटीकेटी लागली ती लागलीच. दोन मुलाखतींत त्यावरनं विचारलं हेही मला माहीत आहे. तू वर्षभर माझ्याशी तुटक बोलायचीस. माझी समजूत, तुला वाटत असावं हे बाबांनी लादलं. मला सांगता येत नव्हतं की मी तर उलटंच सांगायला आलो होतो. आज सांगितलं. याचं तू काय करायचं ते तू ठरव.

तुझ्या बदलीच्या फॉर्मवर एक ओळ असते, बाप्तिस्म्याची तारीख. मी लिहिलं, १२ डिसेंबर २००९. तेवढीच जागा आहे. शेततळ्याबद्दल लिहायला जागा नाही. आपल्याकडं हौद नाही, बुडवून बाप्तिस्मा द्यायचा तर पाणी पाहिजे, म्हणून डाळिंबवाल्या भाऊंच्या शेततळ्यावर गेलो होतो. तळाला तो काळा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पाळकसाहेबांनी हात वर केला, तुला मागं टेकवलं आणि त्यांचा पाय सटकला. तुम्ही दोघंही पाण्याखाली. आधी तू वर आलीस आणि त्यांचा हात धरून त्यांना वर काढलंस. काठावरच्या बायकांनी गाणं थांबवलंच नाही, हे मला फार आवडलं होतं. शाल घेऊन आई थरथरत उभी होती, थंडी तुला वाजायला पाहिजे तर तिलाच वाजत होती.

आई विचारते, तिकडं शुक्रवारी काय करतेस. डबा आधी करून ठेवतेस का? इथं शुक्रवार अजून तसाच. दुपारपासून तिची धावपळ, माझ्या शर्टाची इस्त्री, बूट, झाडलोट. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच बुडतो तेव्हा तिची फार तारांबळ होते. जुलैत सव्वासातपर्यंत उजेड, तेव्हा ती निवांत. हुलग्याचे शेंगोळे अजून शुक्रवारीच करते. शनिवारी चर्चमध्ये सगळे भांडी उघडतात तेव्हा आपल्या पातेल्याभोवती गर्दी असते, कारण शेंगोळे दुसऱ्या दिवशीच खरे लागतात. लसूण मुरतो. बाकी तेच, कुणाचा पुलाव, कुणाची मटकी, भाकरी कापडात गुंडाळलेली, वर गवती चहाचं पाणी. नगरात राहून मटणाशिवाय पंगत उठते याचं पाहुण्यांना अजून नवल वाटतं. आणि चहा. मंडळीत तो वर्ज्य, पण मी ऑफिसात रोज दोन कप खरा चहा प्यायचो. आईला माहीत होतं. मंडळीला कळवायची गरज नाही.

डॉर्कसच्या, म्हणजे मंडळीतल्या मदतकार्याच्या गटाच्या, बायकांनी यंदा ४२ गोधड्या शिवल्या. तुझी जुनी पिवळी साडीही एकीत गेली, मला विचारलं नाही. साखर कारखाने सुरू झालेत, ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात. मागच्या शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर आम्ही त्यांच्या कोप्यांवर, झोपड्यांवर, गेलो होतो. तिथं एक बाप्या भेटला, पंचविशीचा असेल, कोयता हातात. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "ती गाठीवाली ताई आली नाय का?"

मला आधी कळेना. मग आठवलं. तू पाथफाइंडरमध्ये, मंडळीच्या त्या स्काउटसारख्या पथकात, होतीस, गळ्यात तो पिवळा स्कार्फ, बारा वर्षांची. कोप्यांवरच्या पोरांना जमवून तू दोरीच्या गाठी शिकवत होतीस, कारण तुला त्याचा बॅज मिळवायचा होता. एक पोरगं बघत होतं. तुझी गाठ झाल्यावर त्यानं उसाचं वाढं उचललं, पीळ दिला, मोळीभोवती फिरवलं आणि टोक आत खुपसलं. गाठच नाही, नुसता पीळ. म्हणाला, ओढ. तू ओढलंस, मी ओढलं, सुटेना. तू त्याच्याकडनं ती शिकून घेतलीस, आणि रात्री घरी पाच वेळा आईच्या झाडूच्या काड्यांवर करून बघितलीस. तो हाच. त्यालाही आता पोरगं आहे. बॅजच्या यादीत ती गाठ नव्हती, तरी तू वहीत चित्र काढून ठेवलं होतंस. वही माझ्या कपाटात आहे, हवी असेल तर पाठवतो.

तिकडच्या मंडळीत चारशे माणसं, उपासना इंग्रजीत, पडद्यावर गाणी, असं तू लिहिलंस. चांगलं आहे. पण एवढ्या लोकांत कुणी आलं नाही तर कळतं का गं? इथं शब्बाथ शाळेच्या कार्डावर खूण नाही पडली की दुपारी कुणीतरी दारात. वैताग असतो तो, मला माहीत आहे. तू दोनदा झोपेतनं उठून त्यांना पाणी दिलंस. तिथं निदान बालवर्गात नाव दे, पोरांना आलं-गेलं लगेच कळतं. आणि या तिमाहीचं, प्रभुभोजनाआधीचं एकमेकांचे पाय धुणं झालं का? आपल्याकडं झालं. मी यंदा शेजारच्या बाकावरच्या त्यांचे धुतले, ज्यांच्याशी कंपाउंडच्या भिंतीवरनं माझं तीन वर्षं बिनसलंय. भिंत अजून तशीच वाकडी आहे. पण त्यांच्या टाचेला एवढ्या भेगा आहेत हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईनं कोकमाचं तेल पाठवलं.

येत्या शनिवारी दुसरं वाचन. एल्डर म्हणतील, संमती असणाऱ्यांनी हात वर करा. मला हात वर करावा लागणार नाही, एका हातात वही, दुसऱ्यात पेन असतं. मालनआजी करणार नाहीत असं त्यांनी आजच निरोप पाठवून कळवलंय. तरी बहुमतानं होईल. मग मी सर्टिफिकेट भरून पाठवीन. ते सहा महिने चालतं. तुमच्याकडं मतदान होऊन तसं आम्हाला कळेपर्यंत तुझं नाव इथल्याच वहीत, नियमच आहे तसा. क्लार्क म्हणून तुला सांगायला पाहिजे की हे काम लवकर उरकून घे, कागद लोंबकळत ठेवू नये.

बाप म्हणून मी काही सांगत नाही.

तुझे,
बाबा

ता. क. आई म्हणते, शेंगोळे कुरिअरनं येणार नाहीत, त्यांचं पीठ पाठवते. पाण्याला लसूण-जिरं फोडणीला टाकून चांगली उकळी येऊ दे आणि मगच सोड, नाहीतर विरघळतात. आणि शुक्रवारीच कर.